आधी गाइड, मग जागा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, मिळत नाहीत तर पदवीच्या जागा वाढवा, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी रास्त आहे, पण ती चुकीच्या टोकाने धरलेली आहे. बीएएसएलपीचा, म्हणजे या विषयातल्या पदवीचा, अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. तिथे जागा वाढवायच्या म्हटल्या की भारतीय पुनर्वास परिषद आधी शिक्षक मोजते. शिक्षक एमएस्सीतून येतात, एमएस्सीला शिकवायला वरच्या पदांवर पीएचडीवाले लागतात आणि पीएचडी करायची तर गाइड, म्हणजे मार्गदर्शक, लागतो. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ सालची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ची. इतकी वर्षे झाली, तरी या विषयात पीएचडी म्हटले की अजून याच दोन नावांकडे बोट जाते. बडोद्याच्या मुलीने एमएस्सीनंतर पुढे शिकायचे ठरवले तर आधी घर सोडायचे आणि बहुधा नोकरीही. म्हणून बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातच ऑडिओलॉजीची पीएचडी सुरू करावी, असे आमचे म्हणणे आहे.

पीएचडी झाल्याने कानाची तपासणी सुधारते का, असे कुणीही विचारील. तपासणीच्या खोलीत काय चुकते ते पाहिले की उत्तर मिळते.

सहा महिन्यांखालच्या बाळाच्या पडद्यामागे पाणी साठले आहे का, हे टिंपॅनोमेट्री या चाचणीत पाहतात. मोठ्या माणसाला प्रोबचा, म्हणजे कानात बसवायच्या टोकाचा, सूर २२६ हर्ट्झचा असतो. बाळाला १००० हर्ट्झचा लावावा लागतो, कारण त्याच्या कानाची नळी अजून मऊ असते आणि त्या वयातला मधला कान खालच्या सुरांना वेगळ्या तऱ्हेने हलतो. २२६वर पाणी भरलेला कानही छान टोकदार आलेख काढून देतो. सेटिंग बदलायचे असते हे माहीत नसेल तर बाळ ‘नॉर्मल’ शेरा घेऊन घरी जाते.

नवजात बाळाच्या ओएईचेही, म्हणजे आतल्या कानातून उलट येणारा बारीक आवाज टिपणाऱ्या चाचणीचेही, तसेच. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत प्रोब लावला तर कानातल्या पांढऱ्या चिकट थरामुळे आणि पाण्यामुळे बरीच चांगली बाळे ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, अशी ठरतात. आईबापांना कुणीतरी ‘फेल’ म्हणून सांगते आणि दुसऱ्या तपासणीला ते येतच नाहीत. उलट चूक याहून वाईट. ओएई आतल्या कानातल्या केसपेशींची हालहवाल सांगते, नसेची नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळाची ओएई पास आणि बेरात, म्हणजे कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या चाचणीत, मात्र लाटच नाही, असे होऊ शकते. अशा बाळांची बेरा करायलाच हवी. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक जगभर मान्य आहे. आपल्याकडे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आहे, आणि त्याच्या जिल्हा केंद्राच्या आराखड्यात ऑडिओलॉजिस्टचे पदही आहे. कागदावर काहीच कमी नाही.

तिसरे उदाहरण मास्किंगचे, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात खरखर सोडून तो झाकण्याचे. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा उत्तम, असा माणूस समजा. गेलेल्या कानाला हेडफोनमधून आवाज देत गेले की साधारण ४० डेसिबलच्या पुढे तो कवटीतून चांगल्या कानाला पोचू लागतो आणि माणूस ‘ऐकू आले’ म्हणून बटण दाबतो. हाडावरचा व्हायब्रेटर तर कोणत्याही बाजूला लावा, दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच पोचतो. चांगल्या कानात मास्किंगचा आवाज सोडला नाही तर गेलेल्या कानाचा आलेख म्हणजे चांगल्या कानाची नुसती सावली. कागदावर हवेची (हेडफोनची) रेघ खाली, हाडाची (व्हायब्रेटरची) वर. पाहणाऱ्याला वाटते मधल्या कानाचा दोष आहे, ऑपरेशन करू या. त्या ऑपरेशनाचा उपयोग शून्य.

हे सगळे पदवीच्या पुस्तकात आहे, खरे. पण क्लिनिकमध्ये मुले पुस्तक पाहून शिकत नाहीत. शेजारी उभे असलेले सर किंवा मॅडम जे करतात तेच उचलतात. एका सुपरवायझरमागे मुलांची रांग असेल तर मास्किंग ‘वेळ नाही’ म्हणून सुटते, आणि ती सवय पुढे पस्तीस वर्षे नोकरी करते. सुपरवायझर कमी का, तर पुन्हा तेच गाइडचे दुखणे.

यूजीसीचा २०२२चा नियम सांगतो, प्राध्यापक एका वेळी ८ जणांना घेऊ शकतो, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४. एक सहयोगी आणि दोन सहायक असा छोटा विभाग धरला तर एका वेळी १४ विद्यार्थी. मुदत किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षे. सरासरी साडेचार धरा, म्हणजे वर्षाला तीनच्या आसपास पीएचडीधारक बाहेर पडतील. आकडा छोटा दिसतो, पण त्यातला प्रत्येक जण पुढे गाइड होऊ शकतो.

अडचण अशी की गाइडला स्वतःची पीएचडी लागते, शिवाय शोधनिबंध: सहायक प्राध्यापकाला तीन, वरच्यांना पाच. कान-नाक-घशाचा एमएस झालेला सर्जन कितीही निष्णात असला तरी पीएचडीशिवाय तो गाइड होत नाही. निवृत्त प्राध्यापकांना म्हैसूरहून मानद म्हणून बोलावू, हा उपाय सभांतून नेहमी सुचतो. नियमाप्रमाणे असे मानद अध्यापक सहगाइड होऊ शकतात, गाइड नाही. आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे आज जे थोडे आहेत त्यांचीही दारे एकेक करून बंद होत जाणार.

सयाजीराव विद्यापीठाची बाजू इथे भक्कम आहे. वैद्यकीय विद्याशाखा विद्यापीठाचीच, सयाजी हॉस्पिटल तिला जोडलेले, म्हणजे रुग्णांसाठी दुसऱ्या संस्थेचे उंबरठे झिजवायला नकोत. मानसशास्त्र आहे, भाषाशास्त्र आहे, कलाभवनात, म्हणजे तंत्रज्ञान शाखेत, इलेक्ट्रिकल आहे. या विभागांतल्या पीएचडीधारक प्राध्यापकाला गाइड करावे आणि म्हैसूर-मुंबईच्या ऑडिओलॉजीच्या प्राध्यापकाला सहगाइड. दुसऱ्या संस्थेतला सहगाइड नियमात बसतो. चार-पाच वर्षांत आपलेच गाइड तयार झाले की ही उसनवारी संपेल.

अमेरिकेचा दाखला देताना एक घोळ होतो, तोही सांगतो. तिकडची एयूडी ही क्लिनिकची डॉक्टरेट, पदवीनंतर साधारण चार वर्षांची. तिकडे ऑडिओलॉजिस्ट व्हायलाच ती लागते. आपल्याला एयूडीची नक्कल नको. रुग्ण तपासायला आपली चार वर्षांची पदवी पुरते. आपल्याकडे तुटवडा शिकवणाऱ्यांचा आहे, म्हणून पीएचडी.

आता पैसा आणि वेळ. गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना १५,००० आणि वर्षाला वरखर्चाचे २०,००० मिळतात, पण दोनच वर्षे. पीएचडी तीन वर्षांआधी होत नाही, तिसरे वर्ष कोरडेच. एमएस्सी झालेल्या मुलीला खासगी श्रवणयंत्राच्या दुकानात लगेच नोकरी मिळते, मग ती का थांबेल? या विषयापुरते तरी तिसरे वर्ष विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून भरावे. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी मालकाचे ना-हरकत पत्र लागते आणि त्यात लिहून द्यावे लागते की गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे करू. सरकारी रुग्णालयाचे पत्र नेमके या ओळीवर अडते, कारण पद एकच. ती व्यक्ती गेली की ओपीडीला कुलूप. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे आहे. ते शनिवारी ठेवले तर ही ओळ लिहायला कुणाचा हात अडखळणार नाही.

आणि संशोधनाला विषय? एकच सांगतो, तोही आपल्या घरातला. शब्दांच्या चाचणीत २५ शब्द ऐकवतात, एकेका शब्दाला ४ टक्के. आजीला यादीतला शब्दच ओळखीचा नसेल तर ती जवळचा ओळखीचा शब्द सांगते, गुण जातात, आणि दोष श्रवणयंत्रावर येतो. बडोद्यातली आजी मराठी बोलते ती पुण्याची नव्हे. तिच्या बोलण्यात निम्मी भाजीमंडई गुजराती असते. नातू घरी मराठी, अंगणात गुजराती, शाळेत इंग्रजी. कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचे यंत्र) झाल्यावर त्याची थेरपी कोणत्या भाषेत सुरू करायची? इथल्या कानांसाठी यादी करायची म्हणजे रोजचे शब्द निवडायचे, एकाच आवाजात ध्वनिमुद्रित करायचे, सगळ्यांची पातळी सारखी करायची, मग चांगले ऐकणाऱ्यांवर वेगवेगळ्या पातळ्यांवर तपासून याद्या एकमेकींशी जुळवायच्या. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा मोजायचा. हे पुरे तीन वर्षांचे काम आहे, आणि ते म्हैसुरात बसून होणारे नाही.

कळावे,

ऑडिओलॉजीचे काही अध्यापक,
दांडिया बाजार, बडोदे