बिल्ला दिला, काम कधी देणार?

महोदय,

जून उजाडला की शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या मंत्रिमंडळाची गडबड सुरू होते. मोबाइलवरच्या मतदान यंत्रावर मतदान होते, पाहुण्यांच्या हस्ते बिल्ले लावले जातात, शपथविधीचा फोटो वर्तमानपत्राच्या पुणे पुरवणीत येतो. मग गणपतीपर्यंत या मुलांनी काय केले? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळते, परिपाठाच्या रांगा लावल्या. मुले जबाबदारी घेत नाहीत, असे म्हणण्याआधी आपण त्यांच्या हाती नेमके काय सोपवले ते पाहायला हवे.

‘स्वच्छता मंत्री’ हे पद झाले, काम नव्हे. काम सांगायचे तर असे : मधली सुट्टी संपली की पाण्याच्या टाकीचे आठही नळ बघायचे, गळत असेल त्याच्या वर खडूने फुली मारायची, वहीत तारीख आणि नळाचा क्रमांक लिहायचा, शनिवारी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायची. सातवीच्या मुलाला हे सहज जमते. तिसऱ्या शनिवारीही पाच नंबरचा नळ वहीत दिसला की ‘प्लंबर कधी येणार?’ हे तो आपणहून विचारतो. इथे खरी कसोटी मोठ्यांची असते. आठ दिवसांच्या आत त्याच वहीत उत्तर लिहून मिळाले पाहिजे. ‘वॉशर सोमवारी बदलू’ चालेल, ‘या महिन्यात पैसे नाहीत’ हेही चालेल. कारणासकट दिलेला नकार मुले समजून घेतात. ‘बघू’ म्हटले की मात्र चौथ्या आठवड्यात वही कोरी राहते, आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो.

बैठक पंधरा दिवसांनी एकदा, एका तासिकेची पुरे. पहिली दहा मिनिटे मागच्या कामांचा हिशेब, मग नवे विषय, शेवटी वाटणी. वहीत चार रकाने आखावेत : काम, कोण करणार, कधीपर्यंत, झाले का. इतिवृत्त दर वेळी वेगळ्या मुलाने लिहावे, नाहीतर अक्षर चांगले असलेली एकच मुलगी वर्षभर लिहीत बसते आणि तिला बोलायला मिळत नाही. मार्गदर्शक शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे आणि सर्वांत शेवटी बोलावे. बाई आधी बोलल्या की सगळे ‘हो बाई’ म्हणतात, चर्चा तिथेच आटोपते.

थोडे पैसेही हाती द्यावेत. एका सत्राला पाचशे रुपये, प्रत्येक खर्चाची पावती, वहीवर विद्यार्थी आणि शिक्षक अशा दोन सह्या, महिनाअखेरीस फळ्यावर जमाखर्च. पाचशे रुपयांत झाडू घ्यायचे की फुटबॉलची शिवण मारून घ्यायची, या वादातून मुले जितके शिकतात तितके दहा भाषणांतून शिकत नाहीत.

शिस्त मंत्र्याचे पद तर आम्हाला सरळ घातक वाटते. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणारे पोर वर्गाच्या मनातून उतरते, मैत्रीतले हिशेबही त्या यादीत चुकते होतात. शिक्षा देण्याचा किंवा शिक्षेसाठी नावे देण्याचा अधिकार कुठल्याच मुलाकडे नसावा. त्याऐवजी बाहेरून आलेल्या नव्या मुलांची वर्गाशी ओळख करून देण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

खात्यांच्या वाटपातही सवयी डोकावतात. रांगोळी आणि स्वागत मुलींकडे, क्रीडा मुलांकडे. चिठ्ठ्या टाकून खाती वाटली तर हे टळते. गुणवंतांनाच पद देण्याची खोड तर जुनी आहे. महाराष्ट्राच्या १९९४च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी प्रतिनिधी गुणांच्या आधारे नेमले जात, २०१६च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. पहिल्या नंबराच्या मुलाला वर्गाची नस कळतेच असे नाही. दहावीच्या मुलांकडे मुख्य पद असेल, तर पूर्वपरीक्षेच्या दिवसांत ते रिकामे पडते, म्हणून आठवी-नववीतला उपमंत्री पहिल्या दिवसापासून बरोबरीने काम करत असावा.

काम राहिले तर भर परिपाठात बिल्ला काढून घेऊ नये. अपमान झालेले मूल पुन्हा हात वर करत नाही. त्याला बाजूला बसवून तीनच गोष्टी विचाराव्यात : काम समजले होते का, वेळ मिळत होता का, मदत कुणाची लागेल? बहुतेक वेळा काम एकट्याला जास्त झालेले असते. ते दोघांत वाटून द्यावे आणि वहीत नवी तारीख घालावी.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. शपथविधीचा फोटो आपण जुलैत जरूर छापा. जानेवारीत त्याच शाळेत बातमीदार पाठवा आणि त्या वहीचे एक पान छापा.

– शालेय मंत्रिमंडळाचे काम पाहणारे काही शिक्षक, पुणे