आईची दुधी वाचवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. आईला बोल लावणाऱ्यांनीही ते वाचावं.

आमची दुधी आईच्या माहेरची. आजीपासून दरसाल घरीच बी धरलेलं. त्याच बियांच्या वेलींना गेल्या हंगामात कडूजहर फळं लागली. एखाददुसरी वेल गोड, बाकीच्यांची फोड जिभेला लावताच थुंकावी लागे. बियाणांचा दुकानदार म्हणाला, "घरचं बी फेका, पाकीट न्या." ज्यांचं कामच सल्ला देण्याचं, त्या साहेबांनी गाडीतूनच "पाणी बदललं असेल" म्हणून काच वर घेतली. भावकीत तर "हिचा हातच कडू" इथवर मजल गेली. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने ते ऐकून घेतलं आणि बियांचं मडकं माळ्यावर टाकलं.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "आसपास कुणी तंबोऱ्याचे भोपळे लावलेत का?" लावले होते, बांधालाच. आमच्या पंढरपूर भागातून मिरजेला सतार-तंबोऱ्यासाठी जातात तेच कडू भोपळे. ते आणि दुधी एकाच जातीचे. दोघांचीही पांढरी फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि रात्री पतंग इकडचे पराग तिकडे नेतात. "ताई, फळ आईचं असतं, बी दोघांचं," तुम्ही म्हणालात. म्हणून आदल्या वर्षीची दुधी गोडच लागली. कडूपणा बियांत शिरला होता, तो पुढच्या वेलींवर दिसला.

मग वाटाण्यांची गोष्ट. मेंडेलने पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत हिरवा दाणा दिसेनासाच झाला आणि दुसऱ्या पिढीत ६०२२ पिवळ्यांबरोबर २००१ हिरवे परत आले. १८६६ साली छापलेलं हे सगळं मी कॉलेजात परीक्षेपुरतं घोकलं होतं. आईला ते मांडवाखाली बसल्या बसल्या समजलं, कारण तुम्ही तिच्याच वेलीवर समजावलंत. दुधीत त्या हिरव्या दाण्यासारखा दबतो तो गोडवा; बियात कडूपणा असला की तोच वर दिसतो. म्हणजे जी वेल गोड निघाली, तिची फुलं तिच्याच परागाने फळवली तर पुढचं बीही गोडच. पतंगांनी बाहेरचा पराग आणू नये म्हणून मादीफुलाला दोरा बांधायचं काम तुम्ही आईलाच करायला लावलंत.

पण सर, मला रडू आलं ते नंतर. बी वाळल्यावर तुम्ही कागदाची पुडी केलीत, आईला तिच्या आईचं नाव विचारलंत आणि वाणाच्या नावाजागी ते लिहिलंत. खाली बी धरणारी म्हणून आईचं नाव, आणि साल. आईला वाचता येत नाही. तिने ती पुडी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. तिच्या नावाचा कागद आजवर सोसायटीच्या नोटिशीचाच यायचा.

शिकलेली माणसं आम्ही खूप पाहिली. समोरच्याला खाली न बसवता शिकवणारी फार थोडी. तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत, उलट बी धरण्यातलं आईकडूनच काही विचारून वहीत टिपलंत. ती अजून सांगते, "मास्तरांनी माझं लिहून घेतलं."

यंदा मांडव गोड दुधीने लगडलाय. मंगळवेढ्याच्या मावशीलाही बी दिलं. तिच्या दोडक्याचं काहीतरी बिनसलंय म्हणते. तिला तुमच्याकडे घेऊन येऊ का? आणि कधी, तेवढं कळवा.

आपली,
भीमाकाठची एक लेक