डे-केअर विभागातील सिस्टरांस, पहिल्या केमोथेरपीनंतर

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र केवळ तुमच्या हाती न देता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केले ते पहिल्या केमोथेरपीची तारीख हातात घेऊन घरी बसलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचे आणि रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. नवी मुंबईतल्या त्या डे-केअर विभागात ज्यांनी उपचार घेतले त्यांना तुमची ओळख आपोआप पटेल, आणि बाकीच्यांना तुमची काम करण्याची रीत समजली तरी पुरेसे आहे.

माझ्या आजाराची हकिकत थोडक्यात सांगते. मानेवर गाठ आली, बायोप्सी झाली, पेट स्कॅन आणि अस्थिमज्जेची तपासणी झाली आणि लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, निदान झाले. दर २१ दिवसांनी एक याप्रमाणे ‘आर-चॉप’ नावाच्या औषधांच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, घ्यायच्या, असे डॉक्टरांनी ठरवले आणि हा आजार उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, हेही त्यांनी नीट समजावून सांगितले. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरली तेव्हा भेटायला येणारे प्रत्येक जण ‘काही होणार नाही’ असे म्हणत असे. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्या दिवशी नेमके काय होणार, सुई कुठे टोचणार, किती तास पडून राहायचे, मध्ये काही खाता येईल का, बाथरूमला जाता येईल का, यांतले कोणीच काही सांगत नव्हते, आणि रात्री झोप उडत होती ती या न मिळालेल्या उत्तरांपायीच.

तुम्ही मात्र ‘काही होणार नाही’ असे एकदाही म्हणाला नाहीत. सलाईन लावण्याआधी तुम्ही स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात, माझ्या यजमानांनाही आत बोलावलेत आणि दिवसभरात काय काय होणार ते क्रमाने सांगितलेत. माझी उंची आणि वजन पुन्हा मोजलेत, कारण औषधाची मात्रा त्यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागानुसार ठरते. माझे नाव तुम्हाला ठाऊक असतानाही प्रत्येक पिशवी लावण्यापूर्वी ते माझ्याच तोंडून पूर्ण वदवून घेतलेत, आणि दुसऱ्या सिस्टरांनी कागदाशी पिशवीवरचे लेबल ताडून पाहिल्याशिवाय एकही औषध सुरू केले नाहीत. हे असे का करतात, तेही तुम्ही न विचारता सांगितलेत. त्या पाच-सात मिनिटांत माझे अर्धे ओझे उतरले.

पहिले औषध रिटुक्सिमॅब होते. त्याविषयी तुम्ही जे बोललात ते मला शब्दशः आठवते. ‘काकू, हे पहिल्या वेळी आम्ही मुद्दाम अगदी हळू सोडतो, म्हणून यालाच सगळ्यात जास्त वेळ लागेल. याने पुष्कळांना थंडी वाजते. घशात खवखवलं, अंगाला खाज सुटली, छाती भरल्यासारखी वाटली, तर लगेच सांगायचं. सिस्टर कामात आहेत, नंतर सांगू, असं करायचं नाही.’ त्याआधी पॅरासिटामॉलची गोळी आणि अ‍ॅलर्जीची दोन इंजेक्शने दिलीत आणि त्यांतल्या एकाने गुंगी येईल, हेही आधीच सांगून ठेवलेत.

आणि खरोखरच, तासाभराने मला हुडहुडी भरली. दात वाजू लागले, पलंग हलू लागला, पांघरुणावर पांघरूण घातले तरी थंडी हटेना. माझे यजमान घाबरून उभे राहिले. मी हात वर केला आणि तुम्ही आलात. तुम्ही धावत आला नाहीत, पण वाटेत कुठे थांबलाही नाहीत. रिटुक्सिमॅबची धार बंद केलीत, साधे सलाईन चालू ठेवलेत, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहिलात, डॉक्टरांना बोलावलेत आणि त्यांनी सांगितलेले इंजेक्शन दिलेत. हे सगळे करता करता माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘सांगितलं होतं ना, तेच हे. औषध थांबवलं की हेही थांबतं.’ थोड्या वेळाने थंडी ओसरली. डॉक्टरांच्या सूचनेनुसार तुम्ही तेच औषध निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केलेत, आणि ते सुरू करण्याआधी मला विचारलेत, ‘तयार आहात का?’ मी तयार होते. आधी काही सांगितले नसते, तर त्या हुडहुडीत मला आपला शेवट आला असेच वाटले असते, आणि ते औषध पुन्हा अंगात जाऊ द्यायला मी तयार झाले असते की नाही, याची मला खात्री देता येत नाही. तुमच्या आधीच्या चार वाक्यांनी त्या त्रासाला माझ्या उपचारातली त्याची जागा दाखवून दिली होती.

दुपारी तुम्ही अंगावर गाऊन, हातांत जाड मोजे आणि तोंडावर मास्क चढवून आलात तेव्हा माझ्या मनात जो प्रश्न आला तो मी विचारला नव्हता. तरी तुम्ही त्याचे उत्तर दिलेत. ‘हे तुमच्यासाठी औषध आहे. मी रोज कित्येक पेशंटना देते, मला त्याची गरज नाही, म्हणून माझ्या अंगावर उडू नये याची काळजी घ्यायची.’ ते डॉक्सोरुबिसिन होते, ज्याला तुमच्या विभागात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात. ते शिरेबाहेर गेले तर आजूबाजूची त्वचा आणि मांस जळू शकते, म्हणून तुम्ही ते पिशवीतून टांगून दुसरीकडे गेला नाहीत. चालू सलाईनमधून सिरिंजने ते हळूहळू सोडत, मध्ये मध्ये शिरेतून रक्त परत येते का हे पाहत, माझ्या हाताशेजारी बसून राहिलात आणि जरासुद्धा जळजळ झाली तर सांगा, असे पुन्हा पुन्हा बजावत राहिलात. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच आधी हृदयाचा टू-डी इको करून घेतला होता, तेही मला तेव्हाच समजले. आज-उद्या लघवी लालसर होईल, ते रक्त नव्हे, असेही तुम्ही सांगून ठेवलेत; त्या एका वाक्यामुळे त्या रात्री आमच्या घरी घबराट झाली नाही.

व्हिन्क्रिस्टिनची छोटी पिशवी लावताना तुम्ही विचारलेत, ‘घरी सदाफुली आहे का?’ आमच्या गॅलरीत जांभळी सदाफुली गेली कित्येक वर्षे फुलते आहे. हे औषध त्याच झाडापासून मिळते, अमेरिकेत त्याला १९६३ साली मान्यता मिळाली आणि आजही ते जगभर वापरले जाते, हे ऐकून मला आलेले बळ शब्दांत सांगता येणार नाही. पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत. सदाफुलीच्या पानांचा रस घ्यावा असा सल्ला आम्हाला आधीच दोघा-तिघांनी दिला होता, आणि तुम्हाला तो अंदाज असावा. पानांत इतरही अनेक द्रव्ये असतात, त्यांतले औषध शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, म्हणून घरी रस पिणे धोक्याचे आहे, असे तुम्ही आम्हा दोघांना निक्षून सांगितलेत. हे औषध केवळ शिरेतूनच द्यायचे असते आणि चुकूनही दुसऱ्या मार्गाने जाऊ नये म्हणून पिशवीवर ठळक अक्षरांत तशी सूचना असते, ती तुम्ही मला दाखवलीत. पुढे ब्लाउजचे हूक लावताना बोटे बधिर वाटली, मुंग्या आल्या किंवा पोट साफ होईनासे झाले, तर ते याच औषधामुळे असू शकते, तेव्हा अंगावर काढू नका, हेही तेव्हाच सांगितलेत.

माझ्या शेजारच्या पलंगावर मुरबाडकडचे एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा औषधांच्या खर्चाच्या विवंचनेत होता. तुम्ही हातातले काम संपवून त्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष कुठे आहे, तिथल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यायचे, हे समजावून सांगितलेत. त्याचेही आभार मी मानते. माझे त्यात काही नव्हते, पण मी ते ऐकत होते, आणि आपण योग्य हातांत आहोत, अशी खूण मला त्यातून पटली.

संध्याकाळी निघताना तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला कागद आमच्या फ्रीजच्या दारावर लावला आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या पाच दिवस, सकाळीच आणि खाल्ल्यावर, कारण संध्याकाळी घेतल्या तर झोप लागत नाही. उलटीची गोळी उलटी होण्याची वाट न पाहता वेळेवर. भरपूर पाणी आणि वारंवार लघवी, कारण यांतले सायक्लोफॉस्फमाइड हे औषध मूत्राशयाला त्रास देते. दोन दिवस संडासात दोनदा पाणी सोडायचे. फळे सोलून, कच्ची कोशिंबीर नाही, उसाचा रस नाही. दोन-तीन आठवड्यांनी केस गळतील, आधी बारीक कापून घेतले तर बरे वाटेल, आणि उपचार संपले की ते पुन्हा येतील. शेवटी, जाड रेघ ओढून: ताप १००.४ झाला की कोणतीही वेळ असो, निघायचे.

त्यानंतर तुम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलेत आणि विचारलेत, ‘काकू, घरी गणपती बसतो?’ आमच्याकडे गौरी-गणपती असतात. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी होतात आणि नेमके तेव्हाच घर माणसांनी भरलेले असणार, हे हिशेब करून पाहणारे तुम्हीच होता. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. सण करू नका, असे तुम्ही म्हणाला नाहीत. मूर्ती येऊ द्या, आरतीला मास्क लावून थोडा वेळ उभ्या राहा, फुले-दुर्वा निवडायचे काम या वर्षी सुनेला द्या, आलेल्यांनी लांबून विचारपूस करावी आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी पुढच्या वर्षी यावे, एवढेच सांगितलेत. घरात नियम मीच केले असते, तर नातेवाइकांना वाईट वाटले असते. ‘सिस्टरांनी सांगितले आहे’ म्हटल्यावर सर्वांनी ते आनंदाने पाळले.

एवढे सांभाळूनही गौरी-विसर्जनाच्या रात्री मला कणकण वाटू लागली. थर्मामीटर १०० च्या वर गेला, मग १००.८ झाला. मला खोकला नव्हता, कुठे दुखतही नव्हते. एरवी आमच्या घरात अशा वेळी पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबण्याची पद्धत आहे. पण पेशी कमी असताना शरीर जंतुसंसर्गाची इतर लक्षणे दाखवू शकत नाही, ताप ही एकच खूण मिळते आणि गोळीने तीही झाकली जाते, हे तुम्ही माझ्या यजमानांना दोनदा सांगितले होते. म्हणून गोळी न देता मुलाने गाडी काढली. आपत्कालीन विभागात पोहोचताच ‘केमो चालू आहे’ हे पहिले वाक्य म्हणायचे, हेही त्याला तुमच्या कागदावरून पाठ झाले होते. ते ऐकताच तिथल्या डॉक्टरांनी लगेच रक्त घेतले, आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले. पांढऱ्या पेशी फारच उतरल्या होत्या. सकाळपर्यंत थांबलो असतो तर प्रकृती हाताबाहेर गेली असती, असे डॉक्टरांनी नंतर माझ्या मुलाला सांगितले. काही दिवस दाखल राहून मी बरी होऊन घरी आले. त्या रात्री तुम्ही ड्यूटीवर नव्हता, म्हणून हे तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल. सिस्टर, माझा जीव वाचवण्यात तुमच्या त्या जाड रेघेचा वाटा आहे, हे तुम्हाला कळलेच पाहिजे.

केमोथेरपीच्या फाइलमध्ये औषधांची नावे, मात्रा आणि वेळा यांची नोंद असते. रुग्णाशेजारी स्टूल ओढून बसलेल्या मिनिटांची नसते. पलंग भरलेले असताना आणि फोन वाजत असताना ती मिनिटे काढणे किती कठीण असते, ते मी त्या दिवशी पलंगावरून पाहिले आहे. तुम्हाला दुपारी डबा खायला वेळ मिळाला नव्हता, हेही मी पाहिले. माझ्या मते ते समजावून सांगणे उपचाराइतकेच आवश्यक आहे, आणि त्यासाठी विभागात पुरेशा सिस्टर असायला हव्यात.

म्हणूनच या पत्राची एक प्रत मी मेट्रन मॅडमकडे देत आहे. तुमच्या सेवेच्या नोंदीत ती ठेवावी आणि तुमचा तो हाताने लिहिलेला कागद छापून पहिल्या सायकलच्या प्रत्येक रुग्णाला द्यावा, अशी विनंती त्यांना केली आहे. छपाईचा खर्च आमच्या कुटुंबाकडून करण्याची आमची तयारी आहे. फक्त ‘ताप’ या ओळीखालची जाड रेघ तशीच राहावी. पुढच्या सायकलला येईन तेव्हा कागद मराठीबरोबर हिंदीतही असावा का, याविषयी तुमचे मत विचारीन.

आपली कृतज्ञ,
ऐरोली येथील तुमच्या काकू