हॉस्पिटलच्या बाकड्यावर पायथन शिकवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, विचारायचं राहूनच गेलं. मागच्या वर्षी नवतप्यात, उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, नागपूरच्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या माळ्यावर, कूलरसमोरच्या बाकड्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसायची ना, ती मी. तुमची आई आत ॲडमिट होती, तुम्ही नऊ दिवस त्याच बाकड्यावर काढले, आणि त्यातला रोजचा तास-दीड तास मला पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा, शिकवायला दिला. दहाव्या दिवशी मी आले तर बाकडं रिकामं, सिस्टर म्हणाल्या सकाळीच डिस्चार्ज झाला, पेशंटला गावी घेऊन गेले. आई बरी होऊन घरी गेली याचा आनंदच झाला, पण माझं थँक्यू तोंडातल्या तोंडात राहिलं. ते आज सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे, म्हणजे कोणी ओळखत असेल तर तुमच्यापर्यंत पोचवेल.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही सात-आठ जण मिळून रक्तदात्यांची एक यादी चालवतो. आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट खूप, थॅलेसेमियाची लेकरं वेगळी, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार, थॅलेसेमियाच्या लेकरांचं म्हणाल तर त्यांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. आणि रक्त काही फार दिवस साठवून ठेवता येत नाही, पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, मग फोनाफोनी. लोक व्हॉट्सॲपवर आपापली माहिती पाठवायचे, आम्ही ती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवत गेलो, एका ओळीत एक माणूस, नाव, रक्तगट, पत्ता, फोन, मधे कॉमा. साडेआठशे ओळी झाल्यावर डोळ्यांनी शोधणं अशक्य झालं म्हणून मी व्हिडिओ बघून बघून पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, ओळीत जो रक्तगट सापडेल ती ओळ दाखव, बस एवढंच.

आपली भेट झाली त्या रात्री थॅलेसेमियाच्या एका सहा वर्षांच्या मुलासाठी बी पॉझिटिव्ह पाहिजे होतं. प्रोग्रामने भराभर नावं काढली, मी वरून फोन लावत गेले. कामठीचे एक काका रात्री साडेअकराला बाईकवर आले. पोरीने बोलावलं म्हणजे लागतच असेल, एवढ्या विश्वासावर आले. आणि ब्लड बँकेत कळलं की त्यांचा गट एबी पॉझिटिव्ह. ते एक शब्द रागाने बोलले नाहीत, उलट पुढच्या वेळी बोलाव म्हणाले, पण मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही, कारण त्या लेकराचा अर्धा-पाऊण तास माझ्या प्रोग्रामने खाल्ला होता.

तेव्हा तुम्ही शेजारून विचारलंत, "ताई, काय शोधून राहिल्या एवढं?"

मी स्क्रीन दाखवली. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही. फक्त कामठीच्या काकांच्या ओळीवर बोट ठेवलं, एबी मधल्या ए वर अंगठा दाबला आणि म्हणालात आता वाचा. बी पॉझिटिव्ह. मी दोन मिनिटं बोललेच नाही. एबी पॉझिटिव्हच्या पोटात बी पॉझिटिव्ह जसंच्या तसं बसलेलं होतं आणि मी पायथनला विचारत होते की हा तुकडा या ओळीत आहे का, त्याने खरंच उत्तर दिलं होतं, आहे म्हणून. तुम्ही म्हणालात की त्याला शब्द कळत नाही, गट कळत नाही, अक्षरांची रांग कळते, ती रांग कुठंही जुळली, शब्दाच्या मधून जुळली तरी तो हो म्हणणार. आणि मग ते वाक्य, जे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, "आधी तोडा, मग शोधा."

म्हणजे अख्ख्या ओळीत रक्तगट हुडकायचाच नाही. ओळ कॉमावर स्प्लिट करायची, म्हणजे तोडायची, दुसरा तुकडा उचलायचा, स्ट्रिपने त्याच्या आजूबाजूच्या स्पेस काढायच्या आणि मग बरोबर-बरोबर लावून बघायचं की हा तुकडा पूर्णच्या पूर्ण बी पॉझिटिव्ह आहे का. एबीवाले आपोआप बाजूला झाले. त्या रात्रीच तुमच्यासमोर बदललं, चौथ्याच फोनला मेडिकल चौकातला एक मुलगा तयार झाला आणि पहाटेपर्यंत रक्त लागलं. दादा, ते लेकरू आता शाळेत जातं. हे तुम्हाला सांगायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने सगळी ओळच कॉमावर तोडून फोन नंबर काढायला गेले तर फोनच्या जागी मानेवाडा रोड. आपल्या नागपुरातले पत्ते, प्लॉट नंबर अमुक, तमुक लेआउट, शाळेच्या मागे, मानेवाडा रोड, एका पत्त्यातच चार कॉमा. मला वाटलं आता साडेआठशे ओळी हाताने सुधारायच्या. तुम्ही डबा खाता खाता म्हणालात, स्प्लिटला सांगता येतं किती वेळा तोडायचं. कंसात कॉमाच्या पुढे २ लिहिलं की तो पहिल्या दोन कॉमांवरच तोडतो, नाव वेगळं, गट वेगळा, उरलेलं सगळं एका गाठोड्यात. आणि त्या गाठोड्याला आरस्प्लिट, तो उजवीकडून तोडतो, १ सांगितलं की शेवटच्या कॉमावर एकदाच घाव, फोन सुटा, पत्ता आपल्या सगळ्या कॉमांसकट जागच्या जागी. मला हे इतकं आवडलं की मी घरी जाऊन आईला समजावलं, तिला पायथन काही माहीत नाही पण म्हणाली ऊस दोन्हीकडून छाटतात तसंच झालं हे, शेंडा इकडून, मूळ तिकडून.

फाइंडची गोष्ट तर तुम्ही विचारलं नसतं तर मला कळलीच नसती. तुम्ही म्हणालात तुमचा सगळ्यात पहिला प्रोग्राम दाखवा, जो चालला नव्हता तो. त्यात मी इफ, म्हणजे जर, लावून लाइन डॉट फाइंड लिहिलं होतं आणि तो गट नसलेल्यांचीही नावं दाखवायचा, मी वैतागून टाकून दिला होता. तेव्हा कळलं की फाइंड हो-नाही सांगतच नाही, तो जागा सांगतो, कितव्या अक्षरापासून सापडलं ते. मोजणी शून्यापासून. नाही सापडलं तर मायनस वन. आणि इफच्या हिशेबात मायनस वन म्हणजे खरं, शून्य म्हणजे खोटं! म्हणजे ज्याच्यात सापडलंच नाही तो आत आणि ज्याच्यात अगदी सुरुवातीलाच सापडलं तो बाहेर. हो-नाहीच पाहिजे असेल तर सरळ इन वापरा, जागा पाहिजे असेल तरच फाइंड, आणि नाही सापडलं तर प्रोग्रामने तिथेच थांबून ओरडावं असं वाटत असेल तर इंडेक्स. हे तीन मी आता कधी चुकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो सहावा दिवस, वऱ्हाडेंचा.

यादीत वऱ्हाडे आडनावाचे चार जण होते, मला डोळ्यांना चार दिसत होते, आणि शोधलं की दोनच यायचे. स्पेस बघितली, कॉमा बघितला, परत टाइप केलं, तरी दोनच. मी म्हटलं पायथनला मराठी येत नाही, जाऊ द्या. तुम्ही पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणालात, "काहून नाही येणार? पायथन ३ मध्ये सगळी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची रांग, युनिकोडच असते, त्यात सगळ्या लिप्यांची अक्षरं येतात. त्याला मराठी येते, आपण दोन प्रकारे लिहितो ते बघा." आणि लेन, म्हणजे रांगेत किती अक्षरं-चिन्हं आहेत ते मोजणारं, लावायला सांगितलं. एक वऱ्हाडे सात अक्षरांचे निघाले, दुसरे आठ. दिसायला डिट्टो सारखे!

मग रेपर, म्हणजे न दिसणारी चिन्हंही उघडी करून दाखवणारं, लावून छापलं तेव्हा आठवाल्याच्या मधोमध उलटी तिरपी रेघ आणि यू दोनशून्यशून्यडी असं काहीतरी दिसलं. तुम्ही वहीत काढून दाखवलंत ते चित्र अजून आहे माझ्याकडे. आपला तो अर्धा र, वऱ्हाड मधला, दुसऱ्या मधला, तो काही मोबाइलचे कीबोर्ड नुक्तेवाला ऱ आणि हलंत असा लिहितात, आणि काही साधा र, हलंत आणि त्याच्यामागे एक न दिसणारा जोडणारा, झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही एकच, पायथनसाठी दोन वेगळ्या रांगा. एकात एक कॅरेक्टर जास्त. ते युनिकोडच्या नॉर्मलाइजने, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एकसारखं करून घेतल्याने, पण जात नाही हे मी नंतर करून बघितलं, म्हणून तुम्ही सांगितलं होतं तेच ठेवलं आहे, फाइल वाचतानाच रिप्लेस लावून दुसरी पद्धत पहिलीत बदलून घ्यायची, आणि जो शब्द शोधायचा त्यालाही तेच करायचं, मग तुलना. चारही वऱ्हाडे आले. नुसते तेच नाही, पुढच्या महिन्यात गावांच्या नावांत, गल्ल्यांच्या नावांत अशा किती जणांना आम्ही यादीत असून हरवलेलं होतं ते दिसत गेलं. आपल्या वऱ्हाडच्या नावातच हे अक्षर आहे आणि इतके दिवस आमचा प्रोग्राम त्यालाच ओळखत नव्हता, याने मला आत कुठेतरी लागलं होतं.

रेपरची सवय तेव्हापासून लागली ती लागलीच. ओळ दिसते तशी बघायची नाही, आहे तशी बघायची. कोणाच्या तरी मेसेजमधून कॉपी झालेली न तुटणारी स्पेस अशीच सापडली, ज्याच्यावर कंसात एक स्पेस देऊन केलेला स्प्लिट तुटत नाही पण रिकाम्या कंसाचा स्प्लिट बरोबर तोडतो. शिवाय कंसात स्पेस दिली आणि नावात चुकून दोन स्पेस पडल्या असतील तर मधे रिकामा तुकडा येतो, रिकाम्या कंसाने येत नाही. आता शब्द तोडायचे म्हटलं की मी कंस रिकामाच ठेवते.

एक गोष्ट तुम्ही गेल्यावर झाली, ती सांगते, तुम्हाला आवडेल. मी रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे नमुना देऊन मजकुरात शोधायची पद्धत, शिकायला घेतलं, सगळीकडे लिहिलेलं की उलटी रेघ आणि डब्ल्यू म्हणजे शब्दातली अक्षरं, पुढे अधिक लावा, शब्द मिळतील. मी मानेवाडा दिलं. उत्तर आलं म, न, व, ड. चार सुटी अक्षरं, काना-मात्रा सगळे गळून पडलेले. पूर्वीची मी असती तर लॅपटॉप बंद केला असता. पण तुमचं वाक्य डोक्यात होतं, त्याला काय दिसतं ते बघा, म्हणून एकेका कॅरेक्टरचा प्रकार छापला, तेव्हा कळलं की युनिकोडमध्ये मात्रा अक्षरांमध्ये मोजतच नाहीत, चिन्ह म्हणून वेगळ्या गटात आहेत, आणि पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलमधला तो डब्ल्यू अक्षर, अंक आणि अंडरस्कोर एवढंच धरतो. म्हणून प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. मी तो नाद सोडला आणि स्पेस-कॉमावरच तोडते, वेगळं रेजेक्स मॉड्यूल टाकलं तर हे बरोबर होतं तेही बघून ठेवलं आहे. हे मी एकटीने शोधलं दादा, पण शोधायचं कसं ते तुमचं.

तारखांचं पण झालं. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस ठेवायचे असतात, म्हणून शेवटच्या रक्तदानाची तारीख आता यादीत आहे, लोक कोणी डॅश देतात, कोणी तिरपी रेघ, कोणी टिंब, तिन्हींवर एकदम तोडायला रेग्युलर एक्सप्रेशनचा स्प्लिट कामी आला. अर्धे लोक मराठी आकडे लिहितात, मी घाबरत घाबरत इंट, म्हणजे लिहिलेल्या आकड्याची संख्या करणारं, लावलं तर त्याने ९० ला नव्वदच धरलं, काही वेगळं करावं लागलं नाही, त्या दिवशी फार बरं वाटलं.

तुम्ही मला एक ओळ कोड लिहून दिला नाहीत. आई आत ऑक्सिजनवर असताना, स्वतः रात्रभर जागे असताना, दर वेळी लॅपटॉप माझ्याकडेच सरकवून म्हणायचे, तुम्ही करा, मी बसलोय. मला तेव्हा कधी कधी राग यायचा, की दोन मिनिटांत होईल ते माझ्याकडून अर्धा तास करवून घेतात. आता ग्रुपमधली दोन नवीन मुलं माझ्याकडे शिकतात, आणि मीही लॅपटॉप त्यांच्याकडेच सरकवते.

शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतः खाली जाऊन रक्त दिलंत आणि वर येऊन म्हणालात आता माझीही ओळ टाका. मी घाईत टाकली, पायथनवाले दादा, कॉमा, बी पॉझिटिव्ह, कॉमा, गावचा पत्ता नंतर विचारू म्हणून नुसतं बाहेरगाव, कॉमा, आणि फोन उद्या घेऊ म्हणून तिथेच सोडली. बी पॉझिटिव्ह शोधलं आणि ९० दिवसांचा हिशेब लावला की आता दर वेळी तुमची ओळ येते. तोडली की चार तुकडे मिळतात, शेवटचा रिकामा, नुसती दोन अवतरणचिन्हं, मधे काही नाही.

तेवढा एक तुकडा पाठवा दादा. आईला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
दुसऱ्या माळ्यावरची ताई
नागपूर