आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आईच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे, तरी आपले आभार मानायला तोवर थांबणे मला जमले नाही.

आधीच्या वकिलांकडे आम्ही दोन वर्षे हेलपाटे घातले. परळी खोऱ्यातून पहाटेची एसटी धरून आई साताऱ्यात यायची, बाकावर बसून राहायची आणि ‘पुढची तारीख पडली’ एवढे ऐकून परत जायची. तिथेही आपल्यासारखी एक शिकलेली मुलगी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायद्याच्या कामातली मदतनीस, होती; पण तिला दिवसभर झेरॉक्स काढण्यात आणि चहा सांगण्यातच अडकवलेले असे.

आपण पहिल्याच दिवशी आईला विचारले, ‘मावशी, तुम्हाला नक्की काय विचारायचे आहे?’ ती म्हणाली, ‘माझा बाप १९९८ सालीच गेला, मग नव्या कायद्यात मी बसते का?’ याचे उत्तर वकीलसाहेबच देतील, ते मी देऊ शकत नाही, असे स्पष्ट सांगून आपण तो प्रश्न वहीत उतरवला, बरोबर उतरला ना म्हणून तिला वाचून दाखवला आणि ‘बाप’ या शब्दाचे ‘वडील’सुद्धा केले नाही. दोन वर्षांत आईचे बोलणे कोणी लिहून घेतले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी त्याच पानावर साहेबांच्या अक्षरात उत्तर होते: मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ज्या दिवशी लागू झाली, त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले आहे, मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झाले असेल, तर ते मोडत नाही. तसे वाटप झाले होते का, हे साहेबांना पाहता यावे म्हणून आपण जुने फेरफार आणि सातबारे तारखेवार लावून एका पानाचे टिपण केले. साहेबांनी ते स्वतः मूळ कागदांशी ताडून पाहिले आणि अर्ध्या तासात आईला सारे समजावले. सहकाऱ्यावर असा विश्वास टाकणाऱ्या आणि तरीही जबाबदारी स्वतःकडेच ठेवणाऱ्या त्यांच्यासारख्या वकिलांचेही मला मनापासून आभार मानायचे आहेत.

वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स आईने सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. तारखेला निघताना ती अजूनही पिशवीत हात घालून ते पान आधी चाचपते.

आपली कृतज्ञ,
एका अशिलाची मुलगी