डडिंग्स्टनचा पाद्री आणि डांबराचा काळोख

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

एडिंबराला चालला आहेस, तर तिथल्या नॅशनल गॅलरीत रेव्हरंड जॉन थॉमसन या पाद्री-चित्रकाराची निसर्गचित्रं बघच. पण आधी एक सांगतो. ती काळवंडलेली दिसली की ‘काय गूढ वातावरण साधलंय!’ असं म्हणू नकोस. त्यातलं अर्धं गूढ डांबराचं आहे.

माणूस १७७८चा, एअरशरमधल्या डेली गावचा. वडील तिथलेच पाद्री. ते गेल्यावर १८०० मध्ये चर्च याच्याकडे आलं. १८०५ मध्ये एडिंबराजवळच्या डडिंग्स्टनला बदलून आला आणि १८४० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. चित्रकलेचं शिक्षण म्हणशील तर अलेक्झांडर नास्मिथ या निसर्गचित्रकाराकडे जेमतेम महिनाभर. बाकी सगळं स्वतःच्या हिमतीवर, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. नजर अस्सल होती. कच्चं राहिलं ते सामानाचं ज्ञान.

कॅनव्हासला अस्तर म्हणून तो व्हिनेगरमध्ये उकळलेलं पीठ लावायचा. आपली खळच की! तो तिला ‘पॅरिच’ म्हणे, म्हणजे स्कॉटिश लापशी. खळ दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि वरच्या रंगाचा पाया हलत राहतो. त्यावर मेगिल्प, म्हणजे रंगात घालायचं एक मिश्रण. मुर्दाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) घालून उकळलेलं जवसाचं तेल आणि मॅस्टिक राळेचं घट्ट वार्निश साधारण समभाग मिसळलं की थोड्या वेळात जेलीसारखं थिजतं. रंगात घातलं की ब्रश लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो, म्हणून मोह पडतो. पण वर्षं सरतात तसं ते पिवळं, मग तपकिरी होतं आणि ठिसूळ बनतं.

खरा घात डांबराचा, म्हणजे बिट्यूमेनचा. ताजं असताना त्याच्यासारखा ऊबदार, पारदर्शक तपकिरी दुसरा नाही. कड्याच्या सावलीत एक हात फिरवला की खोली येते. पण ते पुरतं वाळत नाही. त्यावर चटकन वाळणारा थर दिला की वरची साय ताणली जाते, खालचं सरकतं आणि मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. वार्निश काढायला जे द्रावण लागतं त्यात डांबरही विरघळतं, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याचेही हात बांधलेले.

म्हणून चित्र बघताना सुरुवात आकाशापासून कर. तिथे शिसपांढरा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, जास्त. तो नीट वाळतो आणि भक्कम थर धरतो, त्यामुळे थॉमसनचा हात खरा कसा होता ते ढगांत कळतं. मग बाजूला सरकून तिरप्या उजेडात सावल्या बघ, भेगा तिथेच सापडतील. बेरिकशरच्या किनाऱ्यावरच्या कड्यावर फास्ट कॅसल नावाचा पडका गड आहे. तो त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. खालून बघितलेला गड, मागे सेंट ॲब्ज हेड, हे चित्र चुकवू नकोस. सुबक, नकाशासारखं निसर्गचित्र सोडून वारा आणि लाटेचा जोर पकडणारा हा माणूस. इंग्लंडचा नामवंत निसर्गचित्रकार टर्नर त्याच्याकडे येऊन गेला होता. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट तर त्याच्या चर्चचा एल्डर, म्हणजे कारभारात भाग घेणारा वडीलधारा सभासद. १८३० मध्ये स्कॉटिश अकादमीने त्याला मानद सभासद केलं.

चर्च सांभाळून एवढं कसं जमलं? तळ्याकाठच्या आपल्या स्टुडिओचं नाव त्याने ‘एडिंबरा’ ठेवलं होतं! कुणी भेटायला आलं की घरचे बिनदिक्कत सांगायचे, ‘एडिंबराला गेलेत.’ पाद्रीबुवांना खोटंही बोलावं लागलं नाही.

तो स्टुडिओ म्हणजे एक अष्टकोनी बुरूज. तो अजून उभा आहे, आर्थर्स सीट या टेकडीच्या पायथ्याशी, चर्चच्या खाली तळ्याला लागून. १८२५ मध्ये वास्तुकार विल्यम प्लेफेअरने तो कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) क्लबसाठी बांधला. खाली कर्लिंगचे दगड, वर थॉमसनची चित्रं. आता तो डॉक्टर नील यांच्या बागेत येतो. ढगाळ दिवशी दुपारनंतर जा. तळ्यावरचा तो राखी उजेड बघितलास की गॅलरीतल्या तपकिरीतून किती वजा करायचं ते कळेल.

तुझा,
माधव

ता. क. : त्याच गॅलरीत काळ्या कपड्यांतला, बर्फावर स्केटिंग करणारा पाद्री दिसेल. बर्फ डडिंग्स्टनच्या तळ्याचा आहे, पण तो थॉमसन नव्हे. ते कॅननगेट चर्चचे रॉबर्ट वॉकर.