लेखकाच्या बागेत त्याचं लेखन वाचता यावं

मा. संपादक,
स. न.

घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे यांनी उमेदीची वर्षं झोपडीत काढली आणि तिथेच लिहिलं. अशा लेखकाचं नाव बागेला देताना पैसा कमानीवर आणि पुतळ्यावर जातो, त्याच्या लेखनातली एक ओळही वाचायला मिळत नाही, हे मनाला लागतं. निदान एक उतारा दगडात कोरून लावावा, आणि तो टिकेल असा लावावा.

पांढरा संगमरवर नको. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते घालवायला कोणीतरी ॲसिड ओततं आणि ॲसिडने दगडच झिजून अक्षरांच्या कडा जातात. काळा ग्रॅनाइट घ्यावा; मात्र चकचकीत पॉलिशचा नको, उन्हात तो आरशासारखा चमकतो. अक्षर किमान ३ मिलिमीटर खोल हवं. वरवर कोरून रंग भरलेलं अक्षर रंगाबरोबरच जातं, खोल अक्षर रंग उडाला तरी सावलीवर वाचता येतं. उंची १५ मिलिमीटरच्या खाली नको आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. अनुस्वाराचं टिंब ठसठशीत हवं. धुळीने पहिल्यांदा तेच बुजतं आणि ‘मुंबई’ची ‘मुबई’ होते! संगणकावरच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत नेताना ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ हमखास तुटतात. म्हणून कोरण्याआधी पूर्ण आकाराचा कागदी नमुना काढून तो छापील पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून घ्यावा.

दगड उतरता बसवावा, पाणी साचू नये. पर्जन्यवृक्षाखाली तर नकोच; त्यावरच्या पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीचा चिकट स्राव खाली गळतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. झाडाला खिळे ठोकून पाट्या लावू नयेत. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी. हौसेने बांधलेला सिमेंटचा पार मुळांचं पाणी तोडतो.

परवानगीचं काम सगळ्यात आधी. अण्णाभाऊंचं निधन १८ जुलै १९६९ रोजी झालं. लेखनाचा प्रताधिकार (कॉपीराइट) त्यानंतरची ६० वर्षं, म्हणजे २०२९च्या अखेरपर्यंत राहतो. उतारा ठरताच हक्कधारकांची लेखी संमती मागावी. हे शेवटच्या आठवड्यावर टाकलं की दगडावर फक्त नाव आणि दोन तारखा उरतात.

त्यांची जयंती १ ऑगस्टला, ऐन पावसात येते. त्या दिवशी माणसं बागेत येणार, थांबून वाचणार. तेव्हा जुलैच्या अखेरीस मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने दगड धुण्याचं काम देखभालीच्या कंत्राटातच लिहून ठेवावं.

– एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)